आयर्विन पुलाची पाणीपातळी वाचता येते, मग कोविडची पॉझिटिव्हिटी का नाही?

मंडळी, ही पोस्ट ऑगस्ट २०२१ मधल्या कोविडच्या निर्बंधांवर आहे आणि लांब आहे. पण ज्यांचं दुकान तेव्हा ४ वाजता बंद होत होतं किंवा ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं माणूस आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

२ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांत दुकानं रात्री ८ पर्यंत सुरू झाली. ११ जिल्हे मात्र निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरातच (दुकानं ४ पर्यंत; स्तर जितका वरचा, तितके निर्बंध कडक) राहिले. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे म्हणजे आपला सगळा पट्टाच त्यात आला. यावर दोनच सूर ऐकू येत होते. एक म्हणतो, आकडे सगळे खोटे. दुसरा म्हणतो, लोक ऐकत नाहीत, अजून कडक करा. माझं मत आधीच सांगून टाकतो. निर्बंध आकड्यांना बांधले हे योग्यच केलं. चूक झाली ती कुठला आकडा घ्यायचा आणि किती मोठ्या भागाचा घ्यायचा, यात.

सांगलीकराला हे समजायला अवघड नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ३८ फूट पाणी आहे, एवढ्यावर इथला माणूस काहीच ठरवत नाही. तो विचारतो, चढतंय का उतरतंय? तासाला किती इंच? कोयनेतून विसर्ग किती, वारणेतून किती? वर पाऊस थांबला का? ४० ला इशारा, ४५ ला धोका हे पोराटोरांना पाठ आहे. जुलै २०२१ च्या अखेरीस पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं. हरभट रोडला किंवा गणपती पेठेत माल वर चढवायचा का, हे पातळीवर ठरत नाही, वरून सोडलेल्या पाण्यावर ठरतं. कारण ते पाणी अजून यायचं असतं.

रोजचा बाधितांचा आकडा ही अशीच पातळी आहे, फक्त आठ-दहा दिवसांपूर्वीची. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस. ‘साधा ताप आहे, बघू’ यात दोन-तीन दिवस. स्वॅब देऊन रिपोर्ट यायला एक-दोन दिवस. त्यानंतर आठवड्याभराने ऑक्सिजनच्या खाटा भरायला लागतात आणि मृत्यूचा आकडा त्याच्याही मागून येतो. म्हणून निर्बंध लावल्यावर चौथ्या दिवशी ‘काही फरक पडला नाही’ म्हणणं चुकीचं, आणि उठवल्यावर चौथ्या दिवशी ‘बघा, काही वाढलं नाही’ म्हणणं त्याहून चुकीचं. शिवाय एखाद्या दिवशी मृत्यू एकदम वाढलेले दिसतात, त्यात पोर्टलवर उशिरा चढवलेले जुने मृत्यूही असतात. ते त्याच दिवशीचे धरू नका.

आता पॉझिटिव्हिटी. शंभर तपासण्यांत किती बाधित, इतकाच त्याचा अर्थ. पण तपासणी कुठली, यावर सगळं फिरतं. उदाहरणासाठी आकडे घेऊ. समजा आठवड्यात आरटीपीसीआर (स्वॅबची प्रयोगशाळेतली तपासणी) १४,००० झाल्या, त्यात १,५४० बाधित निघाले. ११ टक्के. त्याच आठवड्यात अँटिजेन (किटवरची झटपट तपासणी) २६,००० झाल्या, त्यात १,३०० बाधित. ५ टक्के. दोन्ही मिळवले की ४०,००० मध्ये २,८४०, म्हणजे ७.१ टक्के. जिल्हा तोच, आठवडा तोच, पण ११ टक्के धरले तर चौथा स्तर आणि ७.१ धरले तर तिसरा. याच कारणाने २५ जून २०२१ च्या आदेशात फक्त आरटीपीसीआर धरायचं ठरलं. ते बरोबर आहे. अँटिजेन किट बाधित म्हणालं तर ते जवळजवळ खात्रीचं असतं. नाही म्हणालं तर मात्र विश्वास ठेवता येत नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जून २०२० मध्ये या किटला मान्यता दिली तेव्हाच संवेदनशीलता (खऱ्या बाधितांपैकी किती पकडतं) ५०.६ ते ८४ टक्के सांगितली होती. वाईटात वाईट धरलं तर दोन बाधितांमागे एक सुटतो. लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच, हा नियम त्यासाठी होता आणि तोच सर्वात जास्त मोडला गेला. निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून माणूस कामावर जायचा.

व्यापारी बंधूंची तक्रार दुसऱ्या बाजूची होती, की फक्त आरटीपीसीआर धरल्याने टक्का फुगतो, आणि तीही खरी होती. आरटीपीसीआरला लोक यायचे ते लक्षणं असलेले, बाधितांच्या संपर्कातले, शस्त्रक्रियेआधीचे. काही तर अँटिजेन निगेटिव्ह येऊनही ताप न उतरलेले. अशा गटात पॉझिटिव्हिटी मुळात जास्तच येणार. उलट बाजारपेठेत शिबिर लावून धडधाकट पाचशे जणांचे स्वॅब घेतले की टक्का खाली येतो, गावातला संसर्ग होता तेवढाच राहतो. त्यामुळे टक्केवारी वर गेली का खाली, हे बघताना तपासण्या किती झाल्या हा आकडा शेजारी पाहिजेच. तपासण्या कमी होऊन टक्का वाढला तर ओरड करण्याआधी थांबा. तपासण्या तेवढ्याच राहून टक्का वाढला तर खरंच वाढतंय. जुलैच्या पुराच्या आठवड्यात रस्ते बंद, लोक निवारा केंद्रांत, पथकं पंचनाम्यात गुंतलेली. त्या आठवड्याचे आकडे आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्याशी जोडून बघू नका, ते वेगळे काढून ठेवा.

आणखी एक गळती आपल्याकडे विशेष आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, सिटी स्कॅन सहज होतो. दुसऱ्या दिवशीच एचआरसीटी (छातीचा बारकाईचा स्कॅन) काढून, फुप्फुसातल्या बदलांचा स्कोअर बघून उपचार सुरू करायचे आणि स्वॅब द्यायचाच नाही, हे किती घरांत झालं! असा पेशंट आकड्यात येत नाही, त्याच्या संपर्कातल्या कुणाला फोन जात नाही, आणि सुरुवातीला स्कोअर कमी आला की उगाच धीर येतो. फुप्फुसातले बदल दिसायला आणि वाढायला वेळ लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वॅब द्यायचा आणि ऑक्सिमीटर बघायचा, स्कॅन डॉक्टरांनी गरज सांगितल्यावर.

ऑक्सिमीटरही नीट लावला जात नाही, म्हणून थोडं सविस्तर. पाच मिनिटं शांत बसून राहायचं. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हात गार असेल तर चोळून गरम करायचा. हात छातीशी टेकवून स्थिर धरायचा आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत, साधारण मिनिटभर, थांबायचं. लावल्या लावल्या दिसतो तो आकडा लिहायचा नाही. मग घरातल्या घरात सपाट जागेवर सहा मिनिटं चालायचं, साठीच्या पुढच्यांनी तीन, आणि पुन्हा बघायचं. ९४ च्या खाली गेला किंवा चालण्याआधीपेक्षा तीनाहून जास्त उतरला तर घरी थांबायचं नाही. बसून दम लागत असेल तर ही चाचणी करायचीच नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

घरासाठी तेव्हा एक साधी वही पुरे होती. रोजच्या बातमीतून चार गोष्टी लिहायच्या: आपल्या तालुक्यातले नवे बाधित, जिल्ह्यातल्या तपासण्या, ऑक्सिजनवरचे रुग्ण, मृत्यू. रोजच्या आकड्यावर बोलू नका. रविवारी स्वॅब कमी व्हायचे म्हणून पुढचा आकडा आपोआप पडायचा आणि बुधवारी उसळी मारायचा. सात दिवसांची बेरीज घ्या आणि तिला मागच्या सात दिवसांच्या बेरजेने भागा. उत्तर १ च्या वर तर चढतंय, खाली तर उतरतंय. पण किती खाली, यातच सगळी मेख आहे. ०.८ आलं तर तीन आठवड्यांत रुग्ण निम्मे होतात. ०.९७ आलं तर निम्मे व्हायला २३ आठवडे लागतात, पाच महिन्यांहून जास्त. बातमीत दोन्ही वेळा ‘रुग्णसंख्येत घट’ असंच छापून यायचं. सांगली-साताऱ्याची तेव्हाची रड हीच होती. चढ थांबला, पण उतार लागला नाही. जोतिबाच्या डोंगरावरून खाली यायच्या ऐवजी माथ्यावरच्या सपाटीवर चालत राहिल्यासारखं झालं होतं.

याला एक कारण दिसतं. आयसीएमआरच्या जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या सेरो पाहणीत (रक्तातल्या अँटिबॉडींची पाहणी) देशात ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, महाराष्ट्रात ५८ टक्के. या पाहणीसाठी राज्यातून निवडलेल्या ६ जिल्ह्यांत सांगली होती. मध्य प्रदेशात हाच आकडा ७९ होता. म्हणजे लागण किंवा लस, दोन्हीपासून लांब राहिलेली माणसं आपल्याकडे तुलनेने जास्त शिल्लक होती.

भरलेल्या ऑक्सिजन खाटांच्या टक्केवारीचंही नीट बघा. ४० टक्क्यांच्या वर गेलं की तिसरा स्तर, ६० च्या वर चौथा, ७५ च्या वर पाचवा, असा २०२१ चा नियम होता. पण टक्का कशाचा? लाट ओसरली म्हणून एखादं कोविड सेंटर बंद केलं, तर रुग्ण तेवढेच असून टक्का वाढतो. नवीन शंभर खाटा घातल्या तर रुग्ण वाढूनही टक्का खाली दिसतो. म्हणून टक्का सोडा, ऑक्सिजनवर प्रत्यक्ष किती माणसं आहेत तो आकडा मागा.

आता माझी मुख्य तक्रार. स्तर ठरवताना मोठ्या महापालिका स्वतंत्र धरल्या, बाकी सगळे जिल्हे एकसंध. सांगली जिल्ह्यात १० तालुके, साताऱ्यात ११. शिराळ्यातलं डोंगरावरचं गाव आणि मिरज एकाच मापात. माण-खटावमधली वाडी आणि कराडची बाजारपेठ एकाच मापात. वाळव्यात रुग्ण वाढले की जतचा कापड दुकानदार शटर ओढायचा, आणि जतला त्याने कुणाचंच रक्षण होत नव्हतं. तालुकावार आकडे रोज जाहीर होत होते, मग स्तर तालुकावार का नको? गावं छोटी असली की टक्का फार उड्या मारतो, हे मान्य. पण तालुका त्यासाठी पुरेसा मोठा आहे. आठवड्याऐवजी दोन आठवड्यांची सरासरी घ्या, प्रश्न मिटला.

वेळेचंही तसंच. हा विषाणू हवेतून पसरतो, बंद खोलीत जास्त पसरतो. ४ वाजता बंद केल्याने गिऱ्हाईक कमी होत नाही, तेच गिऱ्हाईक कमी तासांत कोंबलं जातं. कामावरून सुटलेला माणूस शनिवार-रविवार बंद म्हणून शुक्रवारी दुपारी धावायचा. दोन्ही बाजूंनी उघडं दुकान रात्री ८ पर्यंत चालू राहणं मला कमी धोक्याचं वाटतं. बंद हॉलमधला ५० माणसांचा साखरपुडा जास्त धोक्याचा वाटतो. कडकपणा तिथं दाखवायला हवा होता.

लसीकडे येतो. ‘जिल्ह्यात इतके लाख डोस’ ही बातमी निम्मीच होती. डोस म्हणजे माणसं नव्हेत. साठीच्या पुढच्या किती जणांचे दोन्ही डोस झाले, हा आकडा विचारा. ब्रिटनमधल्या अभ्यासात कोविडच्या डेल्टा प्रकाराच्या लक्षणांसह आजारापासून आपल्या कोविशिल्डचंच सूत्र असलेल्या लसीच्या एका डोसने साधारण ३० टक्के संरक्षण मिळालं, दोन डोसांनी ६७ टक्के. दवाखान्यात दाखल होण्यापासून दोन डोसांचं संरक्षण त्याहून बरंच जास्त. ‘एक झालाय, आता काय घाई’ म्हणणाऱ्या आजोबांना हे दोन आकडे सांगा.

लसीसाठी उपकेंद्रावर भांडणं व्हायची त्याचं कारणही समजून घ्या. कोविशिल्डच्या एका बाटलीत १० डोस, प्रत्येकी अर्धा मिली. बाटली उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. सहाच माणसं समोर असली की सिस्टर थांबवायच्या, म्हणजे अडवायच्या असं नव्हे. आशाताईंना आदल्या दिवशी विचारून, वाडीवरची चार माणसं एकत्र घेऊन गेलं तर कुणाचीच खेप वाया जायची नाही.

दुसऱ्या डोसला जाताना पहिल्या वेळचाच मोबाईल नंबर आणि तेच ओळखपत्र न्यायचं. पोराच्या दुसऱ्या नंबरवर नव्याने नोंद झाली की कोविन या लसनोंदणीच्या पोर्टलवर पुन्हा पहिलाच डोस लागायचा आणि दोन अर्धवट प्रमाणपत्रं हातात यायची. केंद्रातून उठायच्या आधी मेसेजमध्ये ‘दुसरा डोस’ आलाय का बघायचं. तिथल्या तिथे दुरुस्ती सोपी पडायची, नंतर हेलपाटे. कोविशिल्डला ८४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय दुसरा डोस मिळत नव्हता. कोव्हॅक्सिनला २८ दिवस, आणि तिथं लोक उशीर करायचे. दोन्ही लसी सारख्याच समजून ८४ दिवस थांबायचं नव्हतं.

२०२१ मध्ये गणपती १० सप्टेंबरला होते. डोसचा असर यायला १४ दिवस धरले तर दुसरा डोस २७ ऑगस्टपर्यंत व्हायला हवा होता. ज्यांनी कोविशिल्डचा पहिला ४ जून किंवा त्याआधी घेतला होता, त्यांचे ८४ दिवस तोवर भरत होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची प्रमाणपत्रं काढून तारखा बघायच्या होत्या. ज्यांचे दिवस भरत नव्हते त्यांच्याकडे त्या वर्षी आरतीला घरात गर्दी नको होती, मूर्ती अंगणात किंवा पडवीत बसवायची आणि दर्शनाला येणाऱ्याने मास्क काढू नये एवढं दारातच सांगायचं.