वर्गणी पॅनेलची नको, इन्व्हर्टरची काढा

सामूहिक सौर प्रकल्प म्हटला की पॅनेलसाठी पैसे भराभर जमतात. प्रत्येक घराच्या नावाचं एक पॅनेल, छपरावर चकचकीत काचेची रांग, फोटोही झकास येतो. दहाव्या वर्षी इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारी पेटी) मान टाकतो तेव्हा मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून माझं सरळ म्हणणं: स्वेच्छेने द्यायचंच असेल तर एकदाच मोठी रक्कम देऊ नका, दरमहा थोडी द्या. आणि ती दिसत नाही त्या वस्तूसाठी द्या.

हिशेब सोपा आहे. १० किलोवॅटसाठी ५५० वॅटची १८ पॅनेलं लागतात. एक पॅनेल साधारण २.६ चौरस मीटरचं, म्हणजे नुसती काच ४७ चौरस मीटर. धुवायला-फिरायला वाट सोडली की जागा ६५-७० वर जाते. पॅनेल २५ वर्षं चालतं, त्याची वीजनिर्मिती वर्षाला अर्धा टक्का वगैरे उतरते. इन्व्हर्टर १०-१२ वर्षांचा सोबती. तेव्हा तो किमान एकदा बदलायचाच आहे, हे पहिल्या दिवशीच माहीत असतं! आजची त्याची किंमत घ्या, त्यात पाव भाग वाढवा, १२० महिन्यांनी भागा, मग सभासदसंख्येने भागा. ४० घरं असतील तर एका घराच्या वाट्याला महिन्याला एकूण रकमेचा ४८०० वा भाग येतो. एवढ्यासाठी कुणाची पदरमोड होत नाही. फक्त खातं वेगळं ठेवा, नाहीतर रंगरंगोटी त्यातूनच होते.

वाटा पैशात नव्हे, युनिटमध्ये मोजा. कोपनहेगनजवळच्या समुद्रात मिडलग्रुंडेन इथे २००० साली २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या निम्म्या सहकारी संस्थेच्या. तिथे एक शेअर म्हणजे वर्षाला १००० युनिट अशी मांडणी केली. माणूस घरचं बिल बघतो आणि आपल्याला किती शेअर हवेत ते स्वतःच ठरवतो. भाषणाची गरज उरत नाही.

हरित वीज प्रमाणपत्रांबद्दल मी जरा कडवट आहे. एक प्रमाणपत्र म्हणजे हरित स्रोतातून एक मेगावॅट-तास, म्हणजे १००० युनिट, वीज तयार झाल्याचा विकता येणारा दाखला. पण कर्ज कधीच फिटलेल्या जुन्या जलविद्युत केंद्राचं प्रमाणपत्र विकत घेऊन जगात एकही नवं पॅनेल बसत नाही. शिवाय तुमच्या प्रकल्पाने आपली प्रमाणपत्रं बाहेर विकली असतील, तर 'आम्ही सौर वीज वापरतो' असं म्हणायचा हक्कही त्यांच्याबरोबर गेला. करारात हे कलम शोधून वाचा. याउलट जर्मनीतलं शोनाऊ बघा. नागरिकांच्या संस्थेने १९९७ मध्ये गावाचं वीजजाळं ताब्यात घेतलं आणि बिलातल्या छोट्याशा जादा आकारातून नव्या प्रकल्पांना हातभार लावला. असा पैसा नवी वीज उभी करतो.

पैशाइतकीच मोलाची मदत म्हणजे दुपारी वीज वापरणं. याबद्दल कुणी बोलतच नाही. ऐन दुपारी सगळे इन्व्हर्टर एकाच वायरवर वीज ढकलतात आणि घरोघरी वापर मात्र शून्य. मग व्होल्टेज चढतं. बऱ्याच देशांत २३० व्होल्टच्या पुरवठ्याची वरची मर्यादा २५३ व्होल्ट. ती ओलांडली की इन्व्हर्टर ग्रिडपासून, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यापासून, स्वतःहून सुटतो, काही मिनिटांनी परत जोडला जातो, पुन्हा सुटतो. स्क्रीनवर 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' दिसतं आणि लोक पॅनेलला शिव्या घालतात. आधी बघा, सगळे सिंगल फेज इन्व्हर्टर एकाच फेजवर तर नाहीत ना. ते तिन्ही फेजवर वाटा. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असेल तर जाड टाका. आणि पंप, गीझर, वॉशिंग मशीन ११ ते ३ मध्ये लावा.

श्रमदान करणाऱ्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं. पॅनेलच्या खालच्या चौकटीला बोटभर मातीची पट्टी साचते. ती सेलची (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या छोट्या चौकोनांची) सगळ्यात खालची ओळ झाकते, आणि सेल मालिकेत, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले असल्यामुळे पट्टीच्या मानाने नुकसान कितीतरी मोठं होतं. धुणं सकाळी लवकर, क्षार नसलेल्या पाण्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. दुसरं, पॅनेलच्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरची जोडी एकाच कंपनीची हवी. वेगवेगळ्या कंपन्यांचे बसतात, 'टक्' असा आवाजही येतो, पण आतला संपर्क सैल राहतो, तिथे उष्णता साठते आणि प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं. छपरावरच्या आगींचं हे एक नेहमीचं कारण. वीज वाहत असताना कनेक्टर ओढू नका. डीसी ठिणगी सहज विझत नाही.

आणि सभासदाच्या अर्जावर पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात लिहा: बॅटरी नसेल तर ग्रिड गेल्यावर हा प्रकल्पही बंद होईल. लाइन दुरुस्त करणाऱ्या माणसाला उलट्या दिशेने आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच भर दुपारच्या ब्लॅकआउटला निम्मे सभासद वर्गणी परत मागायला येतात.