भिंतीतली गळती : फिरत्या मेसेजमधले सहा सल्ले आणि खरी तपासणी

पावसाळा सरत आला की बडोद्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ओलीच्या उपायांचा एक मेसेज फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं : डाग पडला तिथेच पाइप फुटलेला असतो, बुरशी दिसत नाही तोवर गळती नाही, पावसाळ्यातली ओल धाब्याचीच (म्हणजे गच्चीची), कपाटात मीठ किंवा सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा, भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्या, तरी बुरशी आलीच तर ब्लीच. पहिल्या सल्ल्याने भिंत फुकट फुटते, दुसऱ्याने महिने वाया जातात आणि बाकीच्यांनी पैसे.

“डाग तिथेच फोडा.” कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या पाइपासाठी मारलेल्या झिरीत (खाचेत) प्लास्टर बरेचदा पोकळ राहतं. पाणी त्या पोकळीतून खाली उतरतं आणि स्कर्टिंगपाशी उमटतं. स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात शिरलं तर पंख्याच्या हुकाशी थेंब लोंबतो आणि गळती असते पलीकडच्या खोलीत. (असा थेंब दिसला तर आधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडा.) बाथरूमचा सनकन (फरशीखालचा खोलगट, भरावाचा स्लॅब) आठ ते बारा इंच खोल असतो. त्यातले विटांचे तुकडे आधी पोटभर पाणी पितात, मग खालच्या फ्लॅटच्या छताला डाग येतो. त्यामुळे नहाणीत आज ओतलेलं पाणी खाली उद्या-परवा दिसतं. एका दुपारीत चार तपासण्या उरकणारा प्लंबर चुकतो तो इथे.

मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) कामाचा आहे, पण त्याचा आकडा लाकडासाठी बेतलेला असतो. लोणा लागलेल्या प्लास्टरमध्ये क्षारांमुळे तो फुगून येतो, भिंत कोरडी असली तरी. म्हणून एक आकडा बघून घाबरू नका. भिंतीवर पेन्सिलने वीतभर अंतराच्या चौकटी आखा, प्रत्येक चौकटीचं रीडिंग लिहा आणि दोन दिवसांनी पुन्हा घ्या. आकडे कुठल्या दिशेने वाढतायत, हे पाहायचं.

“बुरशी दिसत नाही म्हणजे गळती नाही.” सर्वांत महागात पडणारं वाक्य हेच. भिजलेलं प्लायवुड, जिप्सम बोर्ड, कागद यांवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. सिमेंटचं प्लास्टर क्षारधर्मी, तिथे ती उशिरा येते. त्यामुळे समोरची भिंत स्वच्छ असते आणि कपाटाची पाठ कुजलेली. बुरशीची वाट बघण्यापेक्षा पाणी मोजा.

स्वतंत्र टाकी असेल तर रात्री मोटार बंद, पालिकेची लाइन बंद, सगळे नळ बंद, कमोडच्या टाक्यांचे अँगल कॉकही (त्यांना पाणी देणारे छोटे व्हॉल्व्ह) बंद. ते उघडे राहिले तर गळक्या फ्लशचं पाणी भिंतीच्या खात्यात जमा होतं. टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर खूण करा, झाकण लावा, आठ तासांनी पाहा. सुमारे १.१ मीटर व्यासाच्या १००० लिटरच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर आठ तासांत सुमारे सात लिटर, म्हणजे पाऊण सेंटिमीटर उतार. उतार दिसला तर दुसऱ्या रात्री एका बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद ठेवून तेच करा. उतार थांबला तर गळती त्या लाइनवर.

टाकी सामाईक असेल तर प्लंबरला लाइनमध्ये दाब भरणारा, गेजवाला (दाब दाखवणाऱ्या काट्याचा) हँडपंप लावायला सांगा. फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. गिझर काढून त्याची इनलेट-आउटलेट लवचीक नळीने जोडायची, म्हणजे गरम लाइनही तपासली जाते. आधी हवा काढून टाका, नाहीतर काटा उगीच सरकतो. सीपीव्हीसीला (प्लॅस्टिकच्या पाइपांना) ४-५ किलो प्रेशर देऊन तासभर थांबा. जुन्या गंजक्या जीआय (लोखंडी) लाइनवर एवढा जोर देऊ नका. काटा पडला तर आधी थ्रेडचे जोड पाहा : सीपीव्हीसीच्या प्लॅस्टिक आट्यांत पितळी नळ करकचून आवळला की सॉकेटला उभी चीर जाते.

काटा हलला नाही, तरी ओल आहेच? मग सांडपाण्याची बाजू. पहिल्या दिवशी फक्त नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीच्या मोरीत) चार बादल्या पाणी. दोन दिवस थांबा. मग ट्रॅप बंद करून फरशीवर इंचभर पाणी २४ तास. शेवटी टाइल्सच्या सांध्यांवर शॉवर. एका वेळी एकच.

“पावसाळ्यातली ओल धाब्याचीच.” डाग मे महिन्यातही वाढत होता का, एवढं आठवा. होता, तर कारण पाऊस नाही. एसीचा ड्रेन पाइप भिंतीत गाडलेला असेल तर दमट हवेत तासाला लिटरभर पाणी त्यातून जाऊ शकतं. पाइपावर इन्सुलेशन नसेल तर बाहेरून दव धरून प्लास्टर भिजतं, पाइप शाबूत असला तरी. एसीच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओता आणि बाहेर तेवढंच पडतं का, मोजा.

मीठ आणि सिलिकाचं गणित छोटं आहे. १०० ग्रॅम सिलिका जेल फार तर ३०-४० मिलिलिटर पाणी धरतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे २१ लिटर.

“आतून वॉटरप्रूफ रंग द्या.” पाणी मागून येतंय आणि आपण पुढून दार लावतोय. रंगाला फोड येतात, ओल आणखी वर चढते. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या चुन्यात बांधलेल्या जुन्या घरांत हे जास्त जाणवतं : जमिनीतून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून निघून जायची, तिच्यावर सिमेंट आणि प्लॅस्टिक रंग चढवला की ती कोंडते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी शिरलेल्या तळमजल्यांनाही हेच लागू. भिंत वाळायला ढोबळमानाने महिन्याला एक इंच धरा. नऊ इंची भिंत एकाच बाजूने वाळत असेल तर आठ-नऊ महिने. रंगाआधी फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर भिंत अजून ओली आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर ते हवेतलं दव.

ब्लीच टाइलवर ठीक. प्लास्टर किंवा प्लायवुडमध्ये क्लोरीन वरच राहतो, त्यातलं पाणी आत मुरतं आणि बुरशीला तेच हवं असतं. त्यात टॉयलेट क्लीनरचं अॅसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. गळती बंद झाल्यावर भिंतीवरची बुरशी एन-९५ मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू मारू नका. प्लायवुडच्या आत गेली असेल तर तेवढा भाग कापून टाका.