वारा समोरून आहे म्हणून लगेच पंच नको

वर्ल्ड गोल्फ टूर किंवा तशा धर्तीचा कुठलाही ऑनलाइन गोल्फ गेम खेळायला घेतला की पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी पंचबद्दल, म्हणजे चेंडू मुद्दाम खालून मारायच्या शॉटबद्दल, एक सल्ला देतं. “समोरून वारा असेल तर डोळे झाकून पंच मार. पंचला वारा लागतच नाही. चेंडू खालून सरळ जातो, चूक व्हायला जागाच नाही. बाकी वेळी पंचच्या वाटेला जाऊ नकोस.” हा सल्ला मी बरीच वर्षं पाळला आणि नव्या खेळाडूंना दिलाही. आता माझं ठाम मत झालंय की तो चुकीचा आहे. नवखा माणूस याच्यामुळे फुकट फटके घालवतो आणि वर स्वतःचं क्लिक (फटका साधायला रेषेवर मारायचं माऊसचं क्लिक) चुकलं असं समजत राहतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी सोपं घेऊ. “पंचला वारा लागत नाही.” लागतो, कमी लागतो. जमिनीच्या घासण्यामुळे खालच्या थरात वाऱ्याचा वेग कमी असतो. पंचचा चेंडू त्या थरातून जातो आणि हवेत राहतोही कमी वेळ. शिवाय खऱ्या मैदानावर पंच मारताना चेंडू मागच्या पायाकडे घेतात, हात पुढे ठेवतात आणि स्विंग आखूड संपवतात. त्यामुळे चेंडूला उलटी फिरकी कमी मिळते. समोरच्या वाऱ्यात चेंडू उचलला जातो तो याच फिरकीमुळे. गेममध्येही तोच परिणाम दाखवलाय, पण दाखवलाय तो कमी झालेला वारा. पंधरा मैलांच्या वाऱ्यात पंच निवडून वाऱ्याचा बाण पाहिलाच नाही, तर चेंडू आखूड पडणारच.

आता मुख्य मुद्दा. “समोरून वारा म्हणजे पंच.” यात जमिनीचा विचारच नाही. पंच तुम्हाला वाऱ्यापासून थोडा सोडवतो आणि त्या बदल्यात टप्प्याच्या हवाली करतो. चेंडू चपटा येतो, टप्पा पडल्यावर पळतो. म्हणजे पंच मारायचा तर टप्पा पडेल तिथपासून पिनपर्यंतची (होलमधल्या झेंड्यापर्यंतची) जमीन मोकळी आणि कडक हवी. मध्ये बंकर (वाळूचा खड्डा), पाणी किंवा रफचा (उंच गवताचा) पट्टा असेल तर पंच बाद, वारा कितीही असो.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा पहिला होल घ्या. ३७६ यार्ड, फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) एवढा रुंद की अठराव्याचाही तोच. टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) काही भीती नाही. पण ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अगदी पुढ्यातून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, स्विल्कन बर्न हा ओढा वाहतो. मला तिथे १३० यार्ड उरले होते, वारा समोरून पंधरा मैल. सल्ल्याप्रमाणे पंच निवडला. पिन ओढ्यापासून जवळ होती. चेंडू पळेल म्हणून टप्पा आठ-दहा यार्ड अलीकडे धरला. क्लिक अगदी रेषेवर बसलं. चेंडू खालून छान गेला, टप्पा पडला, दोन उड्या मारल्या आणि ओढ्यात गेला. क्लिक चुकलं असतं तर समजलो असतो. इथे शॉट बरोबर मारला होता, निवडच चुकली होती. पुढच्या फेरीत टप्पा पलीकडे धरला, तर चेंडू ग्रीनवरून घरंगळत मागे गेला. आगीतून फुफाट्यात.

मग करायचं काय? जास्त अंतराचा क्लब (गोल्फची काठी) घ्यायचा आणि साधा पूर्ण शॉट मारायचा. खऱ्या गोल्फमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो : समोरच्या वाऱ्याच्या दर मैलामागे अंतरात एक टक्का मिळवा, पाठीमागच्या वाऱ्यात दर मैलामागे अर्धा टक्का वजा करा. १३० यार्डांना पंधरा टक्के म्हणजे साधारण २० यार्ड, म्हणजे दीडशेचा क्लब. गेममध्ये हा आकडा सुरुवातीला धरावा आणि आपल्या क्लबांचा अनुभव येईल तसा थोडा खालीवर करावा. यात अंदाज एकच, वाऱ्याचा. पंचमध्ये अंदाज तीन : उरलेला वारा, टप्पा आणि पळणं. शिवाय पंच निवडला की त्याच क्लबचं अंतर कमी होतं, म्हणजे क्लब तसाही बदलावाच लागतो.

“चूक व्हायला जागाच नाही” या वाक्याच्या समर्थनार्थ कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचा सातवा होल हमखास पुढे केला जातो. १९९२ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी तिथे भयंकर वारा सुटला होता. जेमतेम १०७ यार्डांच्या त्या होलवर टॉम काइट या गोल्फपटूने सहा नंबरचा आयर्न (एरवी याहून बराच लांब मारायचा क्लब) काढला, बर्डी केली (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) आणि स्पर्धाही जिंकली. गोष्ट खरी आहे, पण सांगणारे मधला भाग गाळतात. त्याचा टी-शॉट ग्रीनवर थांबला नव्हता, डावीकडे गेला होता. बर्डी झाली ती तिथून मारलेला चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) थेट होलमध्ये गेला म्हणून. ते ग्रीन इवलंसं आहे, भोवती बंकर, पलीकडे समुद्र. चेंडू अलीकडे टाकून पळवायला जागाच नाही. वादळी वाऱ्यात तिथे खाली ठेवलेला शॉट नाइलाज म्हणून समजू शकतो. दहा मैलांच्या वाऱ्यात त्याच होलवर पंच मारणाऱ्याला मात्र मी हात धरून थांबवीन.

राहिलं शेवटचं वाक्य, “बाकी वेळी पंच नको.” मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, कारण पंचची खरी कमाई बाकी वेळीच आहे.

झाडाखाली चेंडू गेला, पुढे फांद्या लोंबतायत, तिथे वारा शून्य असला तरी पंचच. ग्रीनचा मोह सोडायचा, मोकळी फट बघून फेअरवेवर यायचं. फक्त फट आणि फेअरवे यांच्या मध्ये दाट रफ किती आहे ते आधी पाहा. चपटा चेंडू रफमध्ये उतरला की तिथेच बसतो.

आडवा वारा जोरात असेल आणि समोर मोकळं मैदान असेल, तरी पंच उपयोगी पडतो. चेंडू बाजूला कमी वाहतो आणि नेमही कमी हलवावा लागतो.

आणि पाठीमागून वारा? तिथे पंच कुणी सुचवतच नाही. पण पाठचा वारा उंच चेंडूलाही चपटा करून आणतो, तो ग्रीनवर थांबत नाही. तसाही पळणारच असेल तर मुद्दाम खालून, ग्रीनच्या बराच अलीकडे टाकून पळवलेला बरा. ओल्ड कोर्सचा सतरावा, रोड होल, यासाठीच शिकावा. ग्रीन अरुंद आणि तिरकं, डाव्या अंगाला पुढे खोल रोड बंकर, मागे रस्ता आणि दगडी भिंत. उंच शॉट जरा लांबला की रस्त्यावर. पण उजव्या अंगाने ग्रीनच्या तोंडापर्यंत जमीन मोकळी आहे. मी तिथे पिनकडे बघतच नाही. वारा कुठूनही असो, त्या उजव्या तोंडाच्या वीस-पंचवीस यार्ड अलीकडे नेम धरतो आणि पंच मारतो. चेंडू दोन टप्पे घेतो, चढावर वेग सोडतो आणि ग्रीनच्या पुढच्या भागात येऊन थांबतो. तिथून दोन पटमध्ये (ग्रीनवरच्या घरंगळत्या फटक्यांत) पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल पुरा.