घरच्या घरी ग्रिल्ड कोळंबी: कर्तबगार पुरुषांसाठी सोपी कृती

परवाच्या गटारीला आमच्या धाकट्या भावोजींनी गच्चीवर कोळंबी ग्रिल केली. तेव्हापासून ही कृती मला तोंडपाठ आहे. तुमच्याही घरात असा कुणी हौशी असेल तर त्याला अवश्य वाचून दाखवा.

आधी ग्रिल घ्या, माशांचं नंतर बघू. सोबत लांब चिमटा, तेलाचा ब्रश आणि छातीवर काहीतरी विनोदी छापलेला एप्रन. वांगं भाजायच्या जाळीवरही कोळंबी उत्तम होते असं घरातली बाई म्हणेल. तिला काय कळतंय!

मुहूर्त गटारीचाच. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि बाजारात बरीचशी कोळंबी तळ्यातली नाहीतर बर्फातली असते, पण एवढ्या खोलात जायचं नाही. कोळणीला फक्त ‘ताजी आहे ना?’ एवढंच विचारा. ती ‘नाही’ म्हणाल्याचं ऐकिवात नाही. डोकी काळी पडून लोंबत असली तरी घ्या. सोलल्यावर किलोची जेमतेम अर्धा किलो उरते, तेव्हा किलोभर आणून पंधरा माणसं बोलवा.

मसाला लावताना हात आखडता घेऊ नका. दही, लिंबू, व्हिनेगर, मालवणी मसाला, तंदुरी मसाला, शिवाय रीलमधल्या माणसाने घातला म्हणून मध. लिंबाने कोळंबी अर्ध्या तासातच पांढरी पडायला लागते, म्हणून तुम्ही ती आदल्या रात्रीच लावून झोपा. सकाळी डब्यात जो लगदा सापडेल त्याला ‘काय मुरलीय!’ म्हणायचं.

कच्ची पपईही घाला. मटणाला चालते ना?

बांबूच्या काड्या भिजवू नका. पेटल्या की फोटो छान येतो.

भाजायला ठेवलीत की खाली जाऊन पाहुण्यांशी गप्पा मारा. दोन मिनिटं या बाजूने, दोन मिनिटं त्या बाजूने, अर्धगोल वाकली की उतरवायची आणि पार वेटोळं झालं की ती गेली, हे असलं बायकी गणित तुमच्यासाठी नाही.

आता राहिली साफसफाई. ती शेवटी घेतली, कारण व्हिडिओत ती नसतेच. तिथे सोललेली, धुतलेली कोळंबी थेट वाडग्यात अवतरते. तुमच्याकडेही अवतरेल. पिशवी सिंकमध्ये ठेवा, ‘वहिनी, एवढं जरा बघता का?’ म्हणा आणि कोळसे पेटवायला पळा. वहिनी बघते. डोक्यावरचा करवतीसारखा काटा नखाखाली घुसतो, तो ती बघते. पाय ओढायचे, कवच सोडवायचं, पाठीवर चीर द्यायची, टूथपिकने काळा धागा उचलायचा, तो मध्येच तुटला की उरलेला पुन्हा शोधायचा. असं एक-एक करत किलोभर. मध्येच वरून हाक येते, ‘वहिनी, झालं का? कोळसे विझतायत!’ विझू देत की! बोटं झोंबतायत, लिंबाची साल चोळूनही वास जात नाहीये, सिंकमध्ये सालांचा ढीग. डोकी मी कालवणासाठी बाजूला काढली होती, ती कुणीतरी ‘कचरा’ म्हणून खाली टाकून आलं. कुणीतरी म्हणजे कोण, ते कळलंच असेल.

आणि मग पाहुणे काय म्हणाले? ‘वा, आज बायकांना सुट्टी!’

सुट्टी? दीड तास मी ओट्याशी उभी होते. मसाला मी वाटला. कांदा, सोलकढी, भाकऱ्या, सगळं मी केलं. तुम्ही जाळापाशी चार मिनिटं उभं राहायचं होतं, भावोजी, चार मिनिटं! तेवढंही जमलं नाही, कारण एप्रन घालून फोटो काढायचे होते. कोळंबीचं खोडरबर केलंत आणि वर सगळ्यांसमोर म्हणता काय, तर ‘त्या मावशीने शिळी दिली.’ अहो, ती बाई पहाटे उठून धक्क्यावर जाते, पावसात टोपली घेऊन बसते. तिच्या नावावर कशाला खपवता? माल चांगला होता. मी एक-एक हातात घेऊन सोललाय, मला माहीत आहे.

जाळी अजून गच्चीवरच पडली आहे, मसाला वाळून घट्ट बसलाय. ती घासायला मी येणार नाही. आणि पुन्हा कोळंबीची पिशवी आणलीत तर माझ्या सिंककडे फिरकायचं नाही. परात घ्या, पाटावर बसा आणि सोला. टूथपिक खालून दुसऱ्या खणात आहेत.