बेळगाव जत्तींनी घालवलं नाही

आठ दिवसांपूर्वी निपाणीत सकाळच्या चहाला मामांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "बघितलास काय रे हे? आपलं बेळगाव कुणी घालवलं ते आत्ता कळलं की." मेसेज बी. डी. जत्तींवर होता, म्हणजे म्हैसूरचे, आजच्या कर्नाटकाचे, एकेकाळचे मुख्यमंत्री आणि पुढचे उपराष्ट्रपती. तोवर चार ग्रुपवरून माझ्याकडेही येऊन पडला होता. थोडक्यात त्यात असं होतं : जत्तींनी मुख्यमंत्री असताना बेळगाव कर्नाटकात घातलं, त्याचं बक्षीस म्हणून, राजकारणात पत्ता नसलेल्या या माणसाला इंदिराबाईंनी भारताचा सहावा राष्ट्रपती केलं, आणीबाणीवर सही त्यांचीच, आणि इंदिराबाई हरल्यावरही इमान राखून त्यांनी नऊ विधानसभा बरखास्त करायची फाईल परत पाठवली. शेवटी नेहमीचं : पुढे पाठवणार नाही तो मराठी नाही.

मी मराठी आहे आणि पुढे पाठवलेला नाही. बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाला दर एक नोव्हेंबरला काळा शर्ट घालून सायकल फेरीत जातो, त्यामुळे माझ्या निष्ठेचा दाखला कुणी मागू नये.

आधी बेळगावचं. राज्यांची पुनर्रचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगाचा अहवाल १९५५ चा. चंदगड तालुका वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा कर्नाटकात घालावा, ही शिफारस त्यातली. म्हणूनच चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि तिथल्या पाव्हण्यांकडे जाताना आपल्याला राज्याची हद्द ओलांडावी लागते. राज्य पुनर्रचनेचा कायदा संसदेनं १९५६ साली केला, तो १ नोव्हेंबर १९५६ ला लागू झाला. त्या दिवशी नव्या म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री होते एस. निजलिंगप्पा. जत्ती त्या खुर्चीत बसले १६ मे १९५८ ला, दीड वर्षानं. दीड वर्ष आधी झालेली गोष्ट त्यांनी कशी केली, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

म्हणजे जत्ती आपल्या बाजूचे होते असं मुळीच नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६० साली, सीमाप्रश्नावर महाराष्ट्र आणि म्हैसूरची चौघांची समिती नेमली गेली, दोघं इकडचे, दोघं तिकडचे. तिच्यात एकमत झालं नाही. त्याचा जाब तेव्हाच्या म्हैसूर सरकारला, म्हणजे जत्तींनाही, खुशाल विचारा. पण सीमाप्रश्नावर नेमलेला महाजन आयोग १९६६ चा. तेव्हा मुख्यमंत्री पुन्हा निजलिंगप्पा, आणि जत्ती १९६२ लाच खुर्चीवरून उतरलेले. तेही कसे, तर त्या निवडणुकीत निजलिंगप्पा पडले आणि जत्ती जमखंडीतून निवडून आले, तरी मुख्यमंत्रिपद मिळालं हुनगुंदच्या एस. आर. कंठींना! कंठींनी काही महिने ती खुर्ची सांभाळली, निजलिंगप्पा पोटनिवडणूक जिंकून आले आणि त्यांनी ती परत घेतली. बेळगाव जिंकून दिल्याचं बक्षीस असं असतं होय?

तारखांवर मी एवढा का अडतो, तर सीमाभाग महाराष्ट्राला मिळावा हा आपला दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तिथं आपलं सगळं तारखांवर आणि कागदावर उभं आहे. वकिलांनी एक तारीख चुकवली तर आपण त्यांना सोडू का? मग ग्रुपवर दोन वर्षं इकडचं तिकडं केलेलं आपल्याला कसं चालतं?

आता आणीबाणी. त्या कागदावर सही फक्रुद्दीन अली अहमद यांची, २५ जून १९७५ च्या रात्रीची. जत्ती तेव्हा उपराष्ट्रपती होते, आणि उपराष्ट्रपतीची सही त्या कागदावर लागतच नाही. फक्रुद्दीन अली अहमद ११ फेब्रुवारी १९७७ ला पदावर असतानाच वारले आणि घटनेप्रमाणे काम जत्तींकडे आलं. मार्चमध्ये काँग्रेस हरली, खुद्द इंदिराबाई रायबरेलीत पडल्या. २१ मार्चला ती आणीबाणी मागे घेतली गेली, ती हंगामी राष्ट्रपती म्हणून जत्तींच्या सहीनं. मेसेजनं नेमकं उलटं केलंय. लावणाऱ्याची सही काढणाऱ्याच्या नावावर चढवलीय.

'सहावे राष्ट्रपती' हेही चूक. सहावे नीलम संजीव रेड्डी, ते २५ जुलै १९७७ ला बिनविरोध आले. जत्ती मधले साडेपाच महिने हंगामी होते, जसे १९६९ साली व्ही. व्ही. गिरी आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला होते. रेड्डी आल्यावर ते पुन्हा उपराष्ट्रपतींच्या खुर्चीत गेले आणि १९७९ च्या ऑगस्टपर्यंत तिथं राहिले. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात मधला फोटो कुणी धरायचा, कुणी सोडायचा यावरून हा घोळ होतो, त्याचा दोष मेसेजवाल्याला फारसा देत नाही.

नऊ विधानसभांची गोष्ट मात्र नीट बघण्यासारखी आहे, कारण तीत थोडं खरं आहे. जनता सरकारचे गृहमंत्री चरणसिंगांनी एप्रिल १९७७ मध्ये काँग्रेसच्या नऊ राज्यांना विधानसभा बरखास्त करून निवडणुका घ्या असं कळवलं. त्यात उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, पंजाब ही मोठी राज्यं होती. काही राज्यं सुप्रीम कोर्टात गेली, २९ एप्रिलला कोर्टानं त्यांना परत धाडलं. मंत्रिमंडळाचा सल्ला जत्तींपुढे आला तेव्हा त्यांनी लगेच सही केली नाही. दिल्लीत गलका उठला. पण दुसऱ्याच दिवशी, ३० एप्रिलला, सही झाली. म्हणजे आढेवेढे घेतले हे खरं, परत पाठवली हे खोटं. आणि परत पाठवायची सोयच तेव्हा नव्हती. इंदिराबाईंच्याच ४२ व्या घटनादुरुस्तीनं राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला होता. एकदा फेरविचाराला पाठवायची मुभा नंतरच्या ४४ व्या दुरुस्तीनं दिली. आपल्याच पक्षानं घातलेली गाठ जत्तींच्या हाताला काचली, असं फार तर म्हणा. त्या एका दिवसाबद्दल मी स्वतः त्यांना पुरता माफ करत नाही, कोर्टाचा निकाल आल्यावर थांबायचं कारण उरलं नव्हतं.

राहिला 'राजकारणात पत्ता नसलेला' हा भाग. सावळगी हे त्यांचं गाव, तेव्हा पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, आता बागलकोट जिल्ह्यात. कायदा शिकले आपल्या कोल्हापुरात. जमखंडीत वकिली केली, तिथल्या नगरपालिकेतून वर आले, संस्थानात मंत्री झाले, आणि १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा तिथले मुख्यमंत्री तेच होते. मग मुंबई विधानसभा. मग म्हैसूर, जिथं जमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्यातूनच १९६१ चा कूळकायदा आला. पुढं पाँडिचेरीचे नायब राज्यपाल, ओरिसाचे राज्यपाल. १९७४ ला उपराष्ट्रपतिपदासाठी विरोधी उमेदवार होरो यांच्याविरुद्ध रीतसर निवडणूक लढले. गावच्या नगरपालिकेपासून एकेक पायरी चढलेल्या माणसाला 'उचलून आणलेला' म्हणणं मला तरी जमत नाही, मग तो आपल्या विरुद्ध बाजूचा का असेना.

मुंबईतली एक गोष्ट मामांना मुद्दाम सांगितली. १९५२ नंतर मुंबई राज्यात जत्ती उपमंत्री होते, आरोग्य आणि कामगार खात्याचे, आणि त्यांचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. पंचवीस वर्षांनी, २४ मार्च १९७७ ला, त्याच मोरारजींना पंतप्रधानपदाची शपथ दिली हंगामी राष्ट्रपती जत्तींनी.

मामा तोवर मान डोलवत ऐकत होते. मोरारजींचं नाव आलं आणि त्यांनी अर्धा कप तसाच बाकावर ठेवला. "संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी गोळीबार केलेला तोच नव्हं?" म्हटलं, तोच. मामा मोबाईल काढून काहीतरी टाईप करायला लागले. मी म्हटलं, मामा, तारीख तेवढी मला विचारून घाला.