‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार स्पष्टवक्ता,

(हे नाव तुम्हीच घेतलंय, मी दिलेलं नाही.)

तुमची प्रतिक्रिया येऊन तीन दिवस झाले. बायको म्हणाली सोडून दे, कोण कुठला माणूस, त्याला रात्री अकरा वाजता झोप येत नव्हती म्हणून लिहिलं असेल. मी सोडूनही दिलं होतं. पण काल भांडी घासताना परत आठवलं आणि आज सकाळी दाढी करताना परत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझा आधीचा लेख टायगर मास्कवर होता. टायगर मास्क म्हणजे एका जपानी मांगातला (चित्रकथेतला) वाघाचा मुखवटा घालणारा मल्ल, आणि पुढं तेच नाव आणि तोच मुखवटा घेऊन एकामागून एक खरे मल्ल रिंगमध्ये उतरले, त्यातला पहिला सातोरू सायामा. ज्यांनी खालच्या कमेंटी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी, साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं: “टायगर मास्क हे कार्टून. तोंड बांधून नाटक करणाऱ्याला पैलवान म्हणणं हा मातीतल्या पैलवानाचा अपमान आहे. तारीखही चुकलीय. सायामा दोन वर्षांत कंटाळून पळाला ते तुम्ही एका ओळीत उरकलंत. लेखक काजिवारा कसा माणूस होता त्यावर अवाक्षर नाही. लिहिण्याआधी जरा अभ्यास करत जा.”

तारखेचं आधी घेतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे आणि बरोबर असेल ते मान्य करायला मला कधीच अडचण नसते. टायगर मास्कची दुसरी टीव्ही मालिका आणि सातोरू सायामाची रिंगमधली पहिली मॅच एकाच दिवशी झाली असं मी लिहिलं होतं. मालिका सुरू झाली 20 एप्रिल 1981 ला, मॅच झाली 23 एप्रिलला. तीन दिवसांचा फरक. चूक माझी, दुरुस्त करतो, आभार.

आता ‘जरा अभ्यास’. यातला ‘जरा’ मला जास्त लागला. नुसतं ‘अभ्यास करा’ म्हणाला असतात तर मी हो म्हणून पुढं गेलो असतो, पण ‘जरा’ म्हणजे शाळेत मास्तर वही परत फेकताना म्हणतात ना, तसं झालं. म्हणून सांगतो, नाइलाजानं. मी पुण्यात नोकरी सांभाळून पाच वर्षं संध्याकाळच्या क्लासला जपानी शिकलोय. मग कंपनीनं कावासाकीला पाठवलं, तिथं साडेतीन वर्षं काढली. मूळ मांगा मी जपानीत वाचलाय, शेजारी डिक्शनरी ठेवून, एकेका पानाला अर्धा अर्धा तास घालवून. टोक्योत सुइदोबाशी स्टेशनला उतरून कोराकुएन हॉलमध्ये, जिथं या मॅचेस होतात, किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. त्या हॉलच्या जिन्याच्या भिंती वरपासून खालपर्यंत लोकांनी लिहून भरवल्यात, आपल्याकडच्या किल्ल्यांवर बदाम काढतात तशा, आणि लिफ्टला रांग असली की मी मुद्दाम जिन्यानं उतरायचो, ते वाचत. तिथं चौथा टायगर मास्क मी चौथ्या रांगेतून पाहिलाय. तुम्ही काय काय पाहिलंय ते कळवा, मी पण अभ्यास करतो.

असो. खरं भांडण एकाच वाक्याशी आहे. “तोंड बांधून नाटक करणारा.”

तोंड का बांधलंय, हे तुम्ही विचारलंत का हो कधी? इक्की काजिवारानं लिहिलेली आणि नाओकी त्सुजीनं काढलेली मूळ गोष्ट 1968 ते 71 ची. नाओतो दाते हा अनाथाश्रमातला पोरगा, मुलांबरोबर प्राणिसंग्रहालयात गेलेला असतो, वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभा राहून ठरवतो की मी याच्यासारखा होणार, आणि तिथून पळून जातो. ‘तोरा नो आना’, म्हणजे वाघाची गुहा, अशी एक संस्था त्याला उचलते, आल्प्समध्ये नेऊन अक्षरशः जिवावर बेतेल असं शिक्षण देते आणि तयार झालेला मल्ल बाहेर सोडते, अट एकच, आयुष्यभर कमाईतला अर्धा वाटा गुहेला. नाओतो अमेरिकेत नाव कमावतो ते खलनायक म्हणून, ‘पिवळा सैतान’ म्हणायचे त्याला. मग जपानला परत येतो, जुन्या आश्रमात जातो, आश्रम बुडायला आलेला बघतो आणि गुहेच्या वाट्याचे पैसे तिथं देतो. झालं, तिथून गुहा एकामागून एक मारेकरी मल्ल त्याच्यावर सोडते.

आणि आश्रमातल्या मुलांना यातलं काहीच माहीत नसतं. त्यांच्या लेखी नाओतो म्हणजे भारी कपडे घालून, हातात खाऊ घेऊन येणारा एक शायनिंग मारणारा दादा, त्याची ती टिंगल करतात. त्यातला केंता नावाचा पोरगा टायगर मास्कचा वेडा भक्त, तो म्हणतो मी पण मोठा होऊन असाच वाकड्या मार्गानं लढणार, आणि ते ऐकून नाओतो आडव्या चाली सोडतो. समोर बसलेल्या आपल्याच माणसाला हा ओळखू येत नाही, आणि याला ते सांगता येत नाही. मांगाच्या शेवटी तो एका लहान मुलाला वाचवताना गाडीखाली सापडतो आणि जाता जाता शेवटचं काम काय करतो, तर खिशातला मुखवटा काढून नदीत फेकतो, कुणाला कळू नये म्हणून. (टीव्हीवरचा शेवट वेगळा आहे, तिथं रिंगमध्ये मुखवटा उतरतो आणि तो देश सोडून जातो. मला मांगाचा आवडतो.) याला ‘तोंड बांधणं’ म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्या गावाकडं उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू देत नाहीत त्याला दुसरा शब्द आहे.

कार्टून कार्टून करताय, तर पुढचं ऐका. त्या 23 एप्रिलला टोक्योतल्या कुरामाए कोकुगिकान या सभागृहात सायामा बाहेर आला तेव्हा लोक हसले होते. मुखवटा घाईत शिवलेला, हातानं रंगवल्यासारखा दिसणारा, प्रेक्षकांना वाटलं पोरांच्या मालिकेची जाहिरात आहे, आणि खोटं कशाला बोलू, ती होतीच. समोर इंग्लंडचा मल्ल डायनामाइट किड. हा सायामा त्याआधी मेक्सिकोत राहून आलेला, मग इंग्लंडमध्ये सॅमी ली या नावानं, ब्रूस लीचा नातेवाईक म्हणून खेळलेला (हसा, मी पण हसलो होतो). मॅच सुरू झाली आणि दहाएक मिनिटांत हसणं बंद. त्या वेगानं कुणी हलताना लोकांनी पाहिलंच नव्हतं, शेवटी जर्मन सुप्लेक्सवर (मागून कंबर धरून स्वतःच्या डोक्यावरून मागं आपटायचा डाव) त्यानं किडला पाडलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो जपानच्या पोरांचा देव. शुक्रवारी रात्री आठला टीव्हीसमोर बसलेल्या त्या पिढीतल्या एका माणसाबरोबर मी काम केलंय, माझा साहेब होता, पन्नाशीचा, एरवी तोंडातून शब्द न काढणारा. कंपनीच्या पार्टीत दोन बिअरनंतर त्यानं टायगर मास्कची किक करून दाखवली आणि सोया सॉसची बाटली पाडली.

आणि नाटक. हो, निकाल ठरलेला असतो, हे मला सांगायला तुमची गरज नाही, पहिल्या लेखात मीच लिहिलंय. पण हाडं ठरवून मोडत नाहीत ना. डायनामाइट किडची शेवटची वीसेक वर्षं व्हीलचेअरवर गेली. दुसरा टायगर मास्क, मित्सुहारू मिसावा, 13 जून 2009 ला हिरोशिमात मॅच चालू असताना पाठीवर पडला, मानेच्या मज्जारज्जूला इजा झाली, त्याच रात्री गेला. 46 वर्षांचा. त्याला ‘नाटक करत होता’ म्हणायची तुमची तयारी असेल तर माझी ऐकायची नाही.

याच मिसावानं 14 मे 1990 ला मॅच चालू असतानाच साथीदार कावादाला मुखवट्याची नाडी सोडायला सांगितली आणि उघड्या चेहऱ्यानं पुढं लढला. सहा वर्षं दुसऱ्याच्या तोंडानं जगून झाली होती. पुढच्याच महिन्यात, 8 जूनला, त्यानं टोक्योच्या बुदोकान सभागृहात जम्बो त्सुरुता या बड्या मल्लाला हरवलं. म्हणजे मुखवटा हा लपायचा आडोसा नाही, ते ओझं आहे. सायामाचं यश तुमच्या डोक्यावर बांधलेलं असतं आणि जरा कमी पडलात की लोक म्हणतात, पहिला असता तर. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही. तुमच्यामुळे सुचलं म्हणून अर्धे आभार तुमचे.

आता मातीतला पैलवान. माझे आजोबा वारणाकाठचे, तालमीत वाढलेले, पोरपणी रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून पुढं जत्रांची मैदानं मारलेले, कान मोडलेले. त्यांच्या मांडीवर बसून मी ऐकलंय की एका जत्रेत त्यांची जोड त्यांच्याच तालमीतल्या दोस्ताशी लागली, दोघांनी आदल्या रात्री ठरवलं की पाऊण तास झुंजायचं, बरोबरीत सोडवायची आणि इनाम वाटून घ्यायचं. वस्तादाला माहीत होतं, हलगीवाल्याला माहीत होतं, अर्ध्या गावाला संशय होता. तरी लोक उठले नाहीत, कारण डाव खरे होते, ढाक खरी होती आणि दोस्ताचा खांदा निखळला तोही खरा. आजोबा हे हसत सांगायचे. त्यांना त्यात मातीचा अपमान वगैरे वाटला नाही, तो वाटायचा हक्क असला तर त्यांचा होता, तुमचा नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर तुम्ही किती वेळा बसलात ते मला माहीत नाही, मी आजोबांचं बोट धरून बसलोय.

बाकीचं पटकन. सायामा ऑगस्ट 1983 मध्ये सोडून गेला हे खरं, पुढं तो ‘सुपर टायगर’ झाला, शूटो हा खऱ्या, निकाल न ठरवलेल्या लढतींचा खेळ उभा केला, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लेख आला की वाचा. तो मुखवट्याला कंटाळला की मुखवट्यावर चाललेल्या धंद्याला, यावर वाद घालता येईल, आत्ता घालत नाही. काजिवाराला 83 मध्ये एका संपादकाला मारहाण केल्याबद्दल अटक झाली होती, माहीत आहे मला, माझा लेख त्याच्या चारित्र्यावर नव्हता. सगळंच एका लेखात हवं असेल तर विश्वकोश घ्या.

एवढंच विचारतो. 25 डिसेंबर 2010 ला गुन्मामधल्या माएबाशीच्या बालकल्याण केंद्राच्या दारात कुणीतरी दहा रान्दोसेरू ठेवून गेलं, म्हणजे जपानी पोरं पहिलीपासून पाठीला लावतात ती दप्तरं, महाग असतात. सोबत चिठ्ठी, खाली नाव नाओतो दाते. पुढच्या काही आठवड्यांत देशातल्या सगळ्या 47 प्रांतांत लोक अशाच वस्तू दारात ठेवून पळाले, त्याच नावानं. दप्तरं, खेळणी, पैसे, काही ठिकाणी भाजी. चाळीस वर्षांपूर्वीच्या ‘कार्टून’च्या नावानं. ती दप्तरं पाठीवर टाकून जी पोरं पहिलीत गेली त्यांना तुमचं ‘तोंड बांधणारा’ वाचून दाखवू का?

आणि राहिलं टोपणनावाचं. मी माझ्या नावानं लिहितो, वर फोटोपण आहे. तुम्ही ‘स्पष्टवक्ता’ या नावामागून मला सांगताय की मुखवटे घालणाऱ्यांना किंमत देऊ नये. यावर मला अजून चार ओळी लिहायच्या होत्या, बायकोनं काढायला लावल्या.

ता. क. तारीख दुरुस्त केलीय. मालिका 20 एप्रिल, मॅच 23 एप्रिल. बघून घ्या, जरा.