कसाव्याच्या कच्च्या रसाने कॅन्सर बरा होत नाही

परवा मावशीचा फोन आला. केमो चालू आहे तिची. म्हणाली, "कंद सोलून ठेवलेत, उद्यापासून रस सुरू करते." चार जणांनी तिला एकच मेसेज पाठवला होता: कसावा (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) कच्चा किसून रिकाम्या पोटी रस प्या, त्यातलं 'व्हिटॅमिन बी 17' फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, कंद जितका कडू तितका गुणकारी, ग्लूटेन नाही म्हणून साखरही वाढत नाही.

आधी रसाचं बोलू, कारण जिवावर बेतणार ते त्यानेच. कंदात लिनामरिन नावाचं, सायनाईड दडलेलं द्रव्य असतं आणि ते फोडणारं एन्झाइमही, पण वेगवेगळ्या जागी. किसलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाईड सुटतं. कसाव्यावर जगणारे लोक तो भिजवतात, आंबवतात, पिळतात, वाळवतात ते हे विष घालवायलाच. पिळून फेकायचं पाणी हा मेसेज आजारी माणसाला प्यायला सांगतो! आणि कडू वाणांत सायनाईड सहसा जास्तच असतं.

2017 साली युगांडाच्या कासेसे जिल्ह्यात कसाव्याच्या पिठातून 98 जणांना विषबाधा झाली, दोघे गेले. तपासलेल्या पिठात किलोमागे सरासरी 88 मिलिग्रॅम सायनाईड निघालं. सुरक्षित मर्यादा 10 ची. आणि ते वाळवून दळलेलं पीठ होतं, कच्चा रस नव्हे.

शरीर थोडं सायनाईड निकामी करतं, पण त्याला प्रथिनांतलं गंधक लागतं. मावशीला सध्या दोन घास जात नाहीत. तिच्याकडे ते कुठून येणार?

'बी 17' हे व्हिटॅमिनच नाही. जर्दाळूच्या बियांतल्या अमिग्डालिनला आणि त्यापासून केलेल्या लेट्राइलला चिकटवलेलं ते नाव आहे. अमेरिकेत 178 रुग्णांना ते देऊन पाहिलं, निष्कर्ष 1982 मध्ये छापून आले: कोणी बरं झालं नाही, काहींच्या रक्तात मात्र सायनाईड घातक पातळीजवळ पोचलं. सायनाईड पेशीला ऑक्सिजन वापरू देत नाही, मग ती कॅन्सरची असो वा हृदयाची.

ग्लूटेन नसतं हे खरं, मान्य. पण कंदात पाण्याखालोखाल स्टार्चच असतो, साखर वाढणारच. नीट शिजवलेला कसावा कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही.

मावशीने कंद टाकून दिले. तुमच्या घरी कोणी हा रस प्यायला असेल आणि चक्कर, उलटी, डोकेदुखी, धाप यांतलं काही जाणवलं, तर थांबू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि काय प्यायलं ते आधी सांगा.